नऊ हजार चारशे बारा कागदांची आवक

विद्यापीठात कार्डसरांचं खरं नाव हजेरीपत्रकाशिवाय कुठेही वापरात नव्हतं, आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रारही नव्हती. भाषा विभागातल्या चौदा नंबरच्या खोलीत बसून सव्वीस वर्षं त्यांनी एकच उद्योग केला होता. सुतार, गवंडी, शिंपी, माळी, नळवाले, घड्याळवाले, जो कोणी हाताने काम करतो त्याला गाठायचं आणि तो आपल्या हत्यारांना, खाचांना, झालेल्या चुकांना काय काय म्हणतो ते कार्डावर उतरवून घ्यायचं. एक शब्द, एक कार्ड. सुट्टी लागली की सर पिशवी घेऊन दूरदूरच्या गावी जायचे आणि पंधरा दिवसांनी काळेठिक्कर होऊन, चाळीस-पन्नास शब्द घेऊन परतायचे. आज अशी नऊ हजार चारशे बारा कार्डं बुटांच्या एकतीस खोक्यांत नांदत होती. सुतारांचे शब्द 'पुरुष, तपकिरी, आठ नंबर' या खोक्यात, गवंड्यांचे नऊ नंबरात आणि शिंप्यांचे 'लहान मुले, पांढरे' मध्ये. या सगळ्याचा एके दिवशी कोश होणार होता. हा 'एके दिवशी' म्हणजे कधी, हे विचारणाऱ्याकडे सर असे काही बघत की तो पुन्हा विचारत नसे.

तो दिवस उगवायच्या आत मालमत्ता विभागाचं पत्र आलं. आपण तीन महिन्यांनी सेवानिवृत्त होत असल्याने खोली रिकामी करून किल्ली जमा करावी. खोलीत राहिलेले साहित्य निरुपयोगी समजून त्याची विल्हेवाट लावण्यात येईल. सरांनी 'निरुपयोगी' या शब्दावर बोट ठेवून पत्र तीनदा वाचलं. कार्डांची दुसरी प्रत नव्हती. विल्हेवाट म्हणजे रद्दीवाला, हे सांगायला कोश लागत नाही.

घरी न्यावीत तर घर दोन खोल्यांचं. बायकोने शांतपणे भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, या घरात सुई ठेवायची तर आधी दोरा बाहेर काढावा लागतो. आणा ना खोकी, मी कुठे नाही म्हणते? तुम्ही आणि मी आळीपाळीने घरात राहू."

मेव्हणा तेव्हा नेमका चहाला आलेला होता. "भावजी, यात काय एवढं?" तो म्हणाला. "मोबाईलवर फोटो काढायचे. अर्ध्या तासाचं काम." मेव्हण्याला जगातलं कुठलंही काम अर्ध्या तासाहून मोठं वाटत नसे. सरांच्या दारावरची घंटा तो दोन वर्षं अर्ध्या अर्ध्या तासाने दुरुस्त करत होता आणि अजून लोक दार ठोठावत होते.

तरीही रविवारी सरांनी एक खोकं घरी आणलं आणि गॅलरीत फोटो काढायला बसले. दोनशे बारा फोटो निघाले आणि दोनशे बारांत त्यांचा डावा अंगठा होता. मग मोबाईलमधली जागा संपली. मग बायकोचा मोबाईल. त्यात काय दाबलं गेलं देव जाणे, पण 'पाचर : फट बुजवण्यासाठी किंवा फोडण्यासाठी ठोकलेला लाकडाचा तुकडा' हे कार्ड परस्पर नातेवाइकांच्या ग्रुपवर जाऊन पडलं. सरांच्या दोन मेव्हण्या त्या महिन्यात एकमेकींशी बोलत नव्हत्या. पाचर कोणी मारली यावरून दोघींचे वेगवेगळे फोन आले आणि दोघींचाही समज झाला की हे आपल्यालाच उद्देशून आहे. बायको संध्याकाळपर्यंत फोनवर खुलासे करत होती. खोकं दुसऱ्या दिवशी चौदा नंबरला परत गेलं.

वाट दाखवली ती खालच्या मजल्यावरच्या बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी. "अहो सर, तुमच्याच विद्यापीठात डिजिटल संशोधन साहाय्य कक्ष निघालाय की! पेपरात फोटो होता. फीत कापताना सहा जणांनी मिळून एक कात्री धरली होती." आपल्या विद्यापीठात काय निघालंय हे आपल्याला खालच्या मजल्यावरून कळावं, ही गोष्ट सरांना लागली. "ऐकून आहे," ते म्हणाले. ते ऐकून नव्हते.

कक्ष शोधायला त्यांना चार दिवस लागले. ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावर त्याची पाटी होती आणि पाटीवरचा बाण तिसऱ्या मजल्याकडे होता. ग्रंथालयाला मजले दोनच. ग्रंथपाल म्हणाले, तिसरा मजला मंजूर आहे, पाटी मात्र वेळेत आली. तिथून संगणक केंद्र, संगणक केंद्रातून परीक्षा विभागाचा मागचा जिना, आणि शेवटी जनित्राच्या खोलीला लागून एक दार. आत थंडगार हवा, गुळगुळीत टेबल आणि मधोमध एक मोठं स्कॅनर यंत्र, वरपासून खालपर्यंत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं.

कक्षाचे समन्वयक मूळचे वनस्पतिशास्त्राचे. कक्ष हा त्यांच्याकडचा अतिरिक्त कार्यभार होता. माणूस मोठा प्रेमळ. त्यांनी सरांचा हात दोन्ही हातांत धरला. "सर, या, या! तुम्ही आमच्या कक्षाचे पहिले संशोधक. उद्घाटनानंतर इथे येणारे पहिलेच, खरं सांगायचं तर."

सरांनी कार्डांची हकीकत सांगितली. समन्वयकांच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं. "अमूल्य! अहो, अमूल्य! पण एक छोटी अडचण आहे. आम्ही डिजिटल प्रकल्पांना साहाय्य करतो. तुमचा प्रकल्प अजून डिजिटल झालेला नाही."

"म्हणजे तो डिजिटल झाला, की मग तो डिजिटल करायला तुम्ही मदत करणार?"

"तत्त्वतः," समन्वयक म्हणाले.

"आणि हे यंत्र?"

"खरेदी विभागाने ते अजून आमच्याकडे रीतसर सोपवलेलं नाही. तोपर्यंत प्लास्टिक काढता येत नाही. पण सर, तुम्ही अर्ज करा. अर्ज आला की समिती नेमता येईल, समिती नेमली की यंत्राबद्दल विचारता येईल. तुमच्यावर सगळं अवलंबून आहे."

मदत मागायला गेलेला माणूस अशा रीतीने मदतकर्त्यांचा आधार बनून बाहेर पडला. अर्ज अकरा पानी होता. चौथा प्रश्न, सामग्रीचे आकारमान, टेराबाईटमध्ये. सरांनी विचार करून 'बुटांची खोकी, एकतीस' असं लिहिलं. सातव्या कलमात म्हटलं होतं की मूळ सामग्री अर्जासोबत जोडावी आणि अर्ज आवक विभागामार्फतच सादर करावा. सर नियमाचे पक्के. त्यांनी ग्रंथालयाची पुस्तकांची ढकलगाडी मागून आणली आणि एकतीस खोकी घेऊन आवक खिडकीसमोर उभे राहिले.

आता आवकबाईंबद्दल सांगायला हवं. विद्यापीठात कुलगुरू येत आणि जात, पण येणारा प्रत्येक कागद गेली एकोणीस वर्षं याच खिडकीतून आत जात होता. बाईंच्या नंबराशिवाय आत गेलेला कागद विद्यापीठाच्या दृष्टीने जन्मलाच नाही. पूर्वी त्या हे सगळं लाल कापडी बांधणीच्या मोठ्या नोंदवहीत लिहीत. आठ महिन्यांपूर्वी वही जाऊन संगणक आला. लोकांना वाटलं बाई गडबडतील. बाईंनी तीन दिवसांत यंत्राला वळण लावलं.

त्यांनी अर्ज घेतला, शिक्का मारला आणि चष्म्यावरून ढकलगाडीकडे पाहिलं. "हे काय?"

"सहपत्रं," सर म्हणाले.

"सहपत्रांवर पान क्रमांक असतो आणि अर्जदाराची सही असते. यांच्यावर दोन्ही नाही."

"कोशाच्या कार्डांना पान क्रमांक घालत नाहीत, बाई."

"का?"

खरं तर इथे सरांनी "घालतो" म्हणून घरी जायला हवं होतं. दोन-तीन दिवस बसले असते तर आकडे घालून झाले असते आणि पुढचं काहीच घडलं नसतं. पण प्रश्न तत्त्वाचा होता, आणि खिडकीतून विचारला गेला होता. सरांनी पाय जरा फाकवून वर्गात उभे राहतात तसा पवित्रा घेतला. "कारण कोश कधी पुरा होत नाही. उद्या दोन शब्दांच्या मधला तिसरा शब्द सापडला, तर तो मध्येच घालायचा असतो. आकडे घातले की दार बंद झालं. यातलं प्रत्येक कार्ड स्वतंत्र आहे, स्वयंपूर्ण आहे. कुणाला जोडलेलं नाही."

बाईंनी हे लक्ष देऊन ऐकलं. मागे उभ्या असलेल्या दोन माणसांनीही ऐकलं. "प्रत्येक स्वतंत्र आहे, असं तुमचं म्हणणं."

"ठाम."

"ठीक आहे. ठेवून जा."

सर पोचपावती घेऊन प्रसन्न मनाने परतले. विद्यापीठात शास्त्र समजून घेणारं कोणीतरी आहे, असं त्यांनी रात्रीच्या जेवणाला बायकोला सांगितलंही.

पुढचे पाच आठवडे ते दर सोमवारी कक्षात जात. समन्वयक दर सोमवारी त्यांचा हात दोन्ही हातांत धरून "आवककडून अजून काही आलं नाही" असं सांगत. खिडकीवर बाई म्हणत, "काम चालू आहे." विद्यापीठाला सुट्ट्या होत्या, खिडकीपुढे रांग नव्हती आणि आतून टंकण्याचा आवाज सारखा येत असे. आपल्या निवृत्तीला दोन महिनेही उरले नाहीत हे सर बोटांवर मोजत, पण तो आवाज ऐकून त्यांना बरं वाटे.

सहाव्या आठवड्यात चौदा नंबरच्या दारात देखभाल विभागाचा नळवाला उभा राहिला. हातात पाना, खांद्यावर पिशवी आणि दोन बोटांत धरलेलं एक कार्ड. "सर, ही चिठ्ठी तुमचीच ना? साहेब म्हणाले, सात दिवसांत निकाल लाव, आज सातवा दिवस आहे. पण नळ कुठला ते यात लिहिलेलंच नाही."

सरांनी कार्ड ओळखलं. अक्षर त्यांचंच होतं. 'आटे : नळाच्या किंवा बोल्टच्या तोंडाला असलेल्या पेचदार खाचा. आटे बसतात, आटे झिजतात.' अर्थाच्या बरोबर मध्यावर विद्यापीठाचा गोल शिक्का होता, खाली आवक क्रमांक आणि शेरा : 'देखभाल विभाग. आवश्यक कार्यवाहीस्तव.'

"तक्रार नाहीये ही," सर कसंबसं म्हणाले. "हा शब्द आहे."

"ते कळलं सर. पण अर्धाच आहे. आटे झिजतात आणि मग मरतात. झिजलेल्याला ताग गुंडाळला की तो पकडतो तरी. मेला की नुसता गोल फिरतो, बदलण्याशिवाय इलाज नाही. तुम्ही मेलेले आटे लिहिलेलेच नाहीत. मी मागच्या बाजूला लिहू का, की साहेबांना तोंडी सांगू?"

सर त्याला तिथेच सोडून जिने उतरले. ते थेट आवक खिडकीशी जाऊन थांबले.

बाई शेवटच्या खोक्यावर होत्या. त्यांनी काहीही लपवलं नाही, कारण त्यांच्या मते लपवण्यासारखं काही नव्हतंच. प्रत्येक कागद स्वतंत्र असल्याचं अर्जदारानेच सांगितलेलं. स्वतंत्र कागदाला स्वतंत्र नंबर. नंबर द्यायचा तर विषय नोंदवायला हवा, आणि विषय थोडक्यात लिहिला की पुढे भांडणं होतात, म्हणून बाई तो जसाच्या तसा टंकत. शब्द, अर्थ, सांगणारा, तारीख, सगळं. नंबर पडला की कागद कुठल्या तरी विभागाकडे गेलाच पाहिजे, त्याशिवाय संगणकाचा पडदा पुढे सरकत नाही. मग सुतार आणि गवंडी बांधकामाकडे, माळी उद्यानाकडे, नळ देखभालीकडे, शिंपी वसतिगृहाकडे.

"वसतिगृहाकडे का?" सरांनी हताशपणे विचारलं.

"तिथे गाद्या आहेत," बाई म्हणाल्या.

सव्वीस वर्षांची कार्डं सतरा कार्यालयांच्या फायलींत विखुरली होती आणि ढकलगाडीवर बुटांची रिकामी खोकी उरली होती. पुढे झालेल्या गोष्टींचा त्यांना नंतर अभिमान वाटला असला तरी त्या दिवशी त्यांना रडू आलं होतं, हे इथे नमूद केलं पाहिजे. बाईंनी खिडकीतून पाण्याचा पेला पुढे सरकवला.

मग उत्तरं यायला लागली. बाईंनी ती अर्जदाराच्या माहितीसाठी म्हणून सरांकडे धाडली आणि सर ती चौदा नंबरमध्ये कपाळाला हात लावून वाचत बसले. उद्यान विभागाने 'आळे' या शब्दाबाबत कळवलं होतं की एकूण चारशे बारा आळी सुस्थितीत असून उर्वरित पावसाळ्यानंतर करून घेण्यात येतील. वसतिगृहाने 'उसवण' या पत्राच्या अनुषंगाने सर्व गाद्यांची तपासणी केल्याचं म्हटलं होतं. बांधकाम विभागाला 'ओळंबा : भिंत सरळ आहे की नाही हे पाहण्यासाठी दोरीला बांधलेलं वजन' हे कार्ड मिळताच तिथे पळापळ झाली होती. तेरा वर्षांपूर्वी हरवलेल्या एका ओळंब्याची त्यांनी न विचारता कबुली दिली आणि शोध सुरू असल्याचं लेखी दिलं. नव्या इमारतीची भिंत आता कोणी मोजू नये, अशी तोंडी विनंतीही केली.

रोज लाल रंगात प्रलंबित प्रकरणांचा आकडा कुलसचिवांच्या पडद्यावर जाई. एरवी तो साठ-सत्तर असे. त्या सोमवारी तो आठ हजार नऊशे झाला आणि कुलसचिवांनी सरांना, समन्वयकांना आणि आवकबाईंना बोलावलं.

"विद्यापीठ स्थापन झाल्यापासून एवढी पत्रं आली नव्हती," कुलसचिव म्हणाले. ते चिडलेले नव्हते. चिडण्याच्या पलीकडे गेले होते. "सर, तुम्हाला नेमकं हवंय काय?"

"कार्डं जपली जावीत, एवढंच," सर म्हणाले. आवाज फारच लहान निघाला म्हणून त्यांनी घसा खाकरून तेच पुन्हा म्हटलं.

कुलसचिव समन्वयकांकडे वळले. समन्वयकांनी कक्षाचा निर्णय तयारच ठेवला होता आणि तो त्यांनी अत्यंत दुःखी चेहऱ्याने वाचला. सदर सामग्री विद्यापीठाच्या संगणक प्रणालीत यापूर्वीच संपूर्ण उपलब्ध असल्याने ती डिजिटल करण्यासाठी साहाय्याची आवश्यकता दिसून येत नाही. अर्ज नामंजूर.

मग कुलसचिव म्हणाले, "प्रणालीत आहे ना? मग आधी तिथून काढा. सगळ्या नोंदी मिटवा."

सरांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. कागद फायलींत गेलेले, ते परत एकत्र व्हायला दुसरा जन्म लागला असता. कोश म्हणून जे काही जगात शिल्लक होतं ते त्या संगणकात होतं.

"मिटवायचं बटण नाही, साहेब," आवकबाई म्हणाल्या.

"नाही म्हणजे?"

"प्रणाली घेतली तेव्हा तुम्हीच नको म्हणालात. आवक मिटवता आली तर उद्या कोणीही काहीही मिटवेल, हे तुमचंच वाक्य आहे. इतिवृत्तात आहे, पान नऊ. आवक झालेला कागद मिटत नाही साहेब. तो निकाली निघतो. उत्तर जोडायचं, निकाली काढायचं, आणि मग नोंद कायमची राहते."

"कायमची म्हणजे किती?"

"कायमची," बाई म्हणाल्या.

स्वतःच्याच वाक्याने पकडला गेलेला अधिकारी फार वेळ झटापट करत नाही. कुलसचिवांनी त्याच दुपारी परिपत्रक काढलं की सर्व विभागांनी आपल्याकडील शब्दांबाबत त्या कामातल्या जाणत्या माणसास विचारून महिनाअखेर उत्तर सादर करावं. गाद्यांच्या तपासण्या थांबल्या आणि खरी उत्तरं यायला लागली. बांधकामाच्या सुताराने रंध्याचे तीन प्रकार वाढवले. वसतिगृहाच्या शिंप्याने काजाबद्दल दोन पानं लिहून दिली आणि शेवटी सरांच्या सदऱ्याची तुरपाई चुकीची आहे, एकदा येऊन जा, असंही सांगितलं. नळवाल्याचे मेलेले आटे रीतसर दाखल झाले. सहाशे एकतीस कार्डांवर चुका निघाल्या. सहाशे एकतीस! सरांना त्या आठवड्यात जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "सव्वीस वर्षांत सहाशे म्हणजे वर्षाला चोवीस. माझ्या स्वयंपाकात तुम्ही याहून जास्त काढता." एवढा आधार त्यांना पुरला.

महिनाअखेरीस सरांनी किल्ली जमा केली. मालमत्ता विभागाने रिकामी खोकी निरुपयोगी साहित्य म्हणून उचलून नेली आणि सरांनी स्वतः ती जिन्यापर्यंत पोचवायला मदत केली. निरोपाच्या भाषणात समन्वयकांनी त्यांना डिजिटल युगाचे शिल्पकार म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर सवयीने उठले, सवयीने तयार झाले आणि खुर्चीत बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की कोश कायमचा जपला गेला आहे आणि आता तो आपल्याला बघता येत नाही. प्रणाली फक्त विद्यापीठाच्या माणसांसाठी. सर आता विद्यापीठाचे नव्हते. त्यांनी एक कोरा कागद घेतला, 'कारागिरांच्या शब्दांचा कोश पाहावयास मिळणेबाबत' असा विषय लिहिला, खाली सही केली, या वेळी पान क्रमांकही घातला, आणि खिडकीवर जाऊन उभे राहिले. आपल्याच सव्वीस वर्षांसाठी अर्ज करताना माणसाला कसं वाटतं हे कुठल्या कार्डावर लिहिलेलं नव्हतं, पण वाईट वाटतं.

बाईंनी कागद घेतला, शिक्का मारला, नंबर टाकला. "सात दिवसांत उत्तर मिळेल."

"कुणाकडून?"

"कोश विभागाकडून."

"असा विभाग नाही, बाई."

"आहे," बाई म्हणाल्या. "घड्याळवाल्यांचे, कुलूपवाल्यांचे शब्द कुठल्याच विभागात बसेनात. विभाग निवडल्याशिवाय पडदा पुढे सरकत नाही. म्हणून मी एक नवा विभाग घातला. मासिक अहवालात दाखवला, साहेबांनी सही केली. आता तो बंद करायचा तर समिती नेमावी लागते. खोली नाही, कर्मचारी नाहीत. प्रमुख म्हणून तुमचं नाव टाकलंय, कारण तो रकाना रिकामा चालत नाही."

"पण मी निवृत्त झालो!"

"निवृत्तीचा रकाना भाषा विभागात भरलाय. या विभागात तसलं काही आलेलं नाही." बाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. "तुमच्या विभागात तीनशे अठ्ठेचाळीस प्रकरणं प्रलंबित आहेत. लाल झालीत. आणि आत्ताचा हा तुमचा अर्ज धरून एकोणपन्नास. बाहेरून उत्तर देता येत नाही. बाजूच्या दाराने आत या."

सर आत गेले. बाईंच्या मागे एक जुनी लाकडी खुर्ची आणि पूर्वीच्या नोंदवहीचं टेबल होतं, त्यावर दुसरा एक संगणक. सरांनी आधी स्वतःचा अर्ज मंजूर केला, हे मान्य करायला हरकत नाही. मग त्यांनी यादीतलं सगळ्यात वरचं, सगळ्यात लाल प्रकरण उघडलं. ते उद्यान विभागाकडून खुलाशासाठी आलेलं होतं.

'विषय : डोळा भरणे, म्हणजे एका झाडाचा कोंब दुसऱ्या झाडाच्या सालीत बसवणे. उपरोक्त शब्दाबाबत आमच्याकडील ज्येष्ठ माळी यांना विचारणा केली असता त्यांनी अर्थ बरोबर असल्याचे सांगितले. तथापि ते असेही म्हणतात की, कार्डावर ज्या गावाचे नाव आहे ते येथून दोन दिवसांच्या प्रवासावर आहे. चौदा नंबर खोलीच्या खिडकीखालील गुलाबांचे डोळे गेली एकवीस वर्षे ते स्वतः भरत असून खिडकी बहुतेक वेळा उघडी असते. तरी हा शब्द विचारण्यासाठी सर इतक्या लांब का गेले, आम्हाला का विचारले नाही, याचा खुलासा व्हावा.'

सरांनी ते दोनदा वाचलं. त्यांना खिडकी आठवली, गुलाब आठवले. माळी मात्र आठवेना, फक्त खालून येणारा कात्रीचा आवाज आठवला, आणि एकदा आपण कार्ड लिहिताना त्या आवाजाने व्यत्यय येतो म्हणून खिडकी लावून घेतली होती तेही आठवलं. त्यांना लाज वाटली. सहाशे एकतीस चुकांची वाटली नव्हती एवढी.

उत्तराच्या चौकटीत त्यांनी एका बोटाने टंकायला सुरुवात केली. 'उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, क्षेत्रीय संशोधन पद्धतीच्या स्वरूपामुळे' इथपर्यंत आले आणि थांबले. समोर बाईंचा शिक्का पडत होता, खिडकीपलीकडे कोणीतरी पान क्रमांक शोधत होतं. सरांनी लिहिलेलं सगळं एकेक अक्षर करून खोडलं आणि नवीन लिहिलं.

'चुकलं माझं. उद्या सकाळी साडेनऊला बागेत येतो. तुमचे सगळे शब्द सांगा.'

बाईंनी ते जायच्या आधी नियमाप्रमाणे वाचलं. त्यात 'कळविण्यात येते' कुठेच नव्हतं, म्हणून त्या क्षणभर थांबल्या. मग त्यांनी जावक क्रमांक दिला.